मामूंची गोळी

मलकापूरच्या माझ्या मामूंचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षी दर दोन महिन्यांनी खाली यायचं. संडास डांबरासारखी काळी. रक्त चढवा, लोहाच्या गोळ्या द्या, पुन्हा तेच. शेवटी दुर्बिणीतून कारण सापडलं, एंजिओडिस्प्लेशिया. आतड्याच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि झिरपत राहतात. एक जागा डागली की दुसरीकडून सुरू. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर थॅलिडोमाइड लिहिलं.

नाव वाचून मी चरकलो. हीच ती गोळी. 1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून आली, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतली, आणि हजारो मुलं हातपाय अपुरे राहून जन्मली. 1961 संपता संपता ती तिथल्या बाजारातून उठली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी खात्यातल्या डॉक्टर बाईंनी पुरावा अपुरा म्हणून तिला परवानगीच दिली नव्हती. कंपनीने तगादा लावला, तरी बाई हलल्या नाहीत.

मग ही गोळी परतली कशी? कुष्ठरोगामुळे. जेरुसलेमला, म्हणजे आपल्या बैतुल मुकद्दसला, डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनेने झोप उडालेल्या कुष्ठरुग्णाला ती 1964 च्या सुमारास दिली. झोप तर लागलीच, पण अंगावरच्या दुखऱ्या गाठीही बसल्या. अमरावतीचं तपोवन ठाऊक असलेल्या वऱ्हाडी माणसाला कुष्ठरुग्णाचे हाल सांगायला नकोत.

1994 साली बोस्टनच्या रॉबर्ट डी'अमॅटो यांनी सशांच्या डोळ्यांवर दाखवलं की ही गोळी नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. गर्भातल्या अपायामागेही हेच असावं, असा त्यांचा कयास. म्हाताऱ्या आतड्यात मात्र ही वाढ थांबलेलीच बरी! चीनमधल्या डॉक्टरांनी 150 रुग्णांवर पारखून 2023 मध्ये निकाल छापला. चार महिने रोज 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 68.6 टक्के लोकांचा रक्तस्राव पुढच्या वर्षात निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटला. 50 मिलिग्रॅमवाल्यांत 51 टक्के, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 16.

त्रास आहेच. बद्धकोष्ठ, गुंगी, पाय बधिर. मशिदीच्या पायरीवर चप्पल निसटली तरी मामूंना कळत नाही.

पण मला धास्ती वेगळीच होती. आपल्या घरात गोळ्यांचा डबा सगळ्यांचा एकच, आणि मामूंची सून तेव्हा पोटुशी. मी मामूंना हा सगळा इतिहास ऐकवला. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून पाकीट लोखंडी कपाटात, शेताच्या कागदांजवळ. किल्ली बंडीच्या खिशात. इशा झाली की स्वतः उघडतात, गोळी घेतात, पुन्हा कुलूप लावतात.