घोका आणि ओका

पाठ केलेले जसेच्या तसे बाहेर काढण्याला मराठीत ‘घोका आणि ओका’ म्हणतात. इंग्रजीतले ‘रिगर्जिटेट’ हे क्रियापदही याच वाटेने गेले. त्याच्या मुळाशी भोवऱ्याचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. पाण्याचे उलटे वाहणे, पोटातले वर येणे आणि न पचवता बोलून दाखवणे असे अर्थ त्याला एकामागून एक चिकटले. हेटाळणी दोन्ही भाषांत सारखीच. जुन्या मराठी शाळेतल्या पाठांतराला मात्र ती सरसकट लावणे अन्यायाचे आहे.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर ‘ओनामासीधं’ने सुरुवात होई. अंक बसले की पाढे, आणि त्यांच्यामागून अपूर्णांक: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी परवचा. एक मुलगा उभा राहून म्हणे, बाकीचे त्याच्यामागून एका सुरात म्हणत. घरी दिवेलागणीला, शुभंकरोती झाल्यावर, पुन्हा तेच.

या पाठांतराला बाजाराचा आधार होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर. मंचर, घोडेगाव, जुन्नर अशा बाजाराच्या गावांत साडेतीन आणे शेराने ७ शेर माल घेतला, तर औटकी तत्काळ साडेचोवीस आणे सांगे. त्यातले १६ वजा केले की एक रुपया साडेआठ आणे. माल तागडीतून उतरायच्या आत हिशेब तोंडी तयार. ज्याला औटकी येत नसे, त्याला दुकानदार सांगेल तो आकडा मानावा लागे. ही विद्याही सर्वांना खुली नव्हती; मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांबाहेरच राहिली.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. आता पाठ करायची ती पुस्तकातली वाक्ये आणि ओकायची ती उत्तरपत्रिकेवर. बाजारात किंवा शेतात त्यांचा उपयोग नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब, मोडी वाचन-लेखन आणि शेतीचे ज्ञान मागितले, ते याच काळात. घोकंपट्टीची बदनामी खरी या परीक्षांच्या खात्यावर मांडायला हवी.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि ग्रॅम. सोळा आण्यांच्या रुपयाबरोबर औटकी, पाऊणकी मागे पडल्या. परवचा काही घरांत टिकला, पण त्यात मुख्यतः पुऱ्या आकड्यांचे पाढेच उरले.