एकोणतिसावा खलाशी : मिसेस चिपीची गोष्ट

१/ २९ ऑक्टोबर १९१५. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावर, तरंगत्या बर्फाच्या थरावर तंबू ठोकून राहिलेल्या एका मोहिमेच्या नेत्याने आदेश दिला. त्यानुसार कुत्र्यांच्या काही पिल्लांना आणि एका मांजराला गोळी घालण्यात आली. मांजराचे नाव मिसेस चिपी. ते जहाजावरील सुताराचे मांजर होते. सुताराने तो आदेश अखेरपर्यंत क्षमा केला नाही. आजचा धागा त्या मांजराविषयी आणि त्या सुताराविषयी. #इतिहास #धागा

२/ नेत्याचे नाव सर अर्नेस्ट शॅकल्टन. अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडायचा, हा मोहिमेचा हेतू. ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्धाला नुकतेच तोंड फुटले असताना, 'एन्ड्युरन्स' हे जहाज इंग्लंडहून निघाले. पुढे त्यावर एकूण २८ माणसे झाली. त्यांपैकी एक हॅरी मॅकनिश. स्कॉटलंडमधील पोर्ट ग्लासगोचा, चाळिशीचा, जिभेने फटकळ आणि हाताने कमालीचा कसबी सुतार.

३/ इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांत सुताराला 'चिपी' म्हणत. लाकडाच्या ढलप्यांवरून पडलेले हे टोपणनाव. मॅकनिशसोबत आलेले पट्टेरी मांजर सदैव त्याच्या पायांत घोटाळे. एखादी पत्नी नवऱ्यावर नजर ठेवते तसे ते ठेवते, अशी थट्टा होऊ लागली आणि त्याचे नाव पडले मिसेस चिपी. प्रवास सुरू होऊन महिना लोटल्यावर लक्षात आले, की हा तर बोका! तोवर नाव रुळले होते. ते कोणी बदलले नाही.

४/ कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला धरून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. या बोक्याचे घर म्हणजे डोलणारे जहाज. खवळलेल्या समुद्रातही तो कठड्याच्या अरुंद कडेवरून तोल सांभाळत चाले. पुढे डेकवर स्लेज ओढणारी कुत्री बांधली गेली, तेव्हा हा त्यांच्या लाकडी घरांच्या छपरांवरून संथपणे फेरफटका मारी. खाली साखळदंडांना हिसके देत कुत्री भुंकत राहत. ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना या फेरफटक्यामागील निर्विकार आढ्यता वेगळी समजावून सांगायला नको.

५/ सप्टेंबर १९१४ मधील एका रात्री, जहाज अटलांटिकमध्ये असताना, हा बोका केबिनच्या गोल खिडकीतून थेट समुद्रात पडला. पहाऱ्यावर असलेल्या हडसन या अधिकाऱ्याने त्याचे ओरडणे ऐकले आणि तत्काळ जहाज वळवले. दहाएक मिनिटे थंड पाण्यात काढलेला बोका जिवंत बाहेर काढण्यात आला. एका मांजरासाठी आख्खे जहाज माघारी फिरले. ही नोंद ध्यानात ठेवावी; पुढे ती फार बोचते.

६/ मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने टिपलेले एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. ब्वेनोस आयरेसहून लपूनछपून जहाजावर चढलेला पर्स ब्लॅकबोरो हा तरुण उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर हा बोका विसावला आहे. मांजर कोणाच्याही खांद्यावर असे बसत नाही. ते सुताराचे असले, तरी त्या जहाजावर त्याला परके कोणी उरले नव्हते, एवढे त्या चित्रावरून नक्की कळते.

७/ जानेवारी १९१५ मध्ये 'एन्ड्युरन्स' वेडेल समुद्रातील बर्फात अडकले. किनारा गाठण्यापूर्वीच मोहीम थांबली. बर्फासोबत वाहत जाणे एवढेच हाती उरले. ध्रुवीय हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवलाच नाही. अशा दिवसांत आपली वेळ झाली की जेवण मागणारा, उबेची जागा शोधून अंग मुडपून झोपणारा एक प्राणी सोबतीला असणे, याचे मोल कोणत्याही सामानाच्या यादीत लिहिता येत नाही.

८/ २७ ऑक्टोबर १९१५ रोजी बर्फाच्या दाबाने मोडू लागलेले जहाज सोडावे लागले. आता बर्फावरून होड्या ओढत शेकडो किलोमीटर चालायचे होते. प्रत्येकाला केवळ दोन पौंड, म्हणजे किलोभराहूनही कमी, खासगी सामान ठेवण्याची मुभा होती. शॅकल्टन यांनी स्वतःची सोन्याची नाणी सर्वांसमक्ष बर्फावर टाकून दिली. एका वस्तूला मात्र अपवाद केला: लिओनार्ड हसी याचा बँजो. त्याचे वजन सुमारे १२ पौंड होते. संगीत हे मनाचे औषध आहे आणि ते लागेल, असे शॅकल्टन यांचे म्हणणे होते.

९/ दोन दिवसांनी प्राण्यांविषयीचा आदेश आला. जे ओझे ओढू शकत नाहीत, त्यांना पोसता येणार नाही. सर्वांत लहान पिल्ले आणि मिसेस चिपी यांना मारावे लागेल. शॅकल्टन यांनी पुढे आपल्या प्रवासवृत्तात या घटनेला मोजकी वाक्ये दिली. मॅक्लिन, क्रीन आणि सुतार यांना आपापल्या सोबत्यांचे जाणे फार लागले, असे त्यांनी नोंदवले आहे. मॅकनिशचे दुःख असे आदेश देणाऱ्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

१०/ निर्णय क्रूर होता का? नेत्याच्या बाजूने पाहिले, तर उत्तर सोपे नाही. २८ माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. उपाशी कुत्र्यांच्या तळावर, लपायला जहाज नसताना, मांजर किती दिवस टिकले असते, हाही प्रश्न होता. पुढच्या काही महिन्यांत उरलेली सारी कुत्रीही मारावी लागली आणि त्यांतील काहींचे मांस माणसांनी खाल्ले. मांजर तेवढे वाचले असते, असे मानायला फारसा आधार नाही.

११/ परंतु मॅकनिशच्या बाजूने पाहिले, तर दुसरेच काही दिसते. ३० ऑक्टोबरला ज्या कूचासाठी ओझी कमी केली, ते कूच तीन दिवसांत सोडून द्यावे लागले. जेमतेम तीन-चार किलोमीटर अंतर कापले गेले होते. त्यानंतर सुमारे दोन महिने सारे जण तिथेच तळ ठोकून बसले. बँजो वाजत होता. सुताराच्या पायांत घोटाळणारे मात्र आता कोणी नव्हते.

१२/ डिसेंबरअखेर पुन्हा होड्या ओढणे सुरू झाले. तेव्हा मॅकनिशने पुढे जाण्यास साफ नकार दिला. जहाज गेले, त्यासोबत आपला करारही संपला, असा त्याचा मुद्दा होता. शॅकल्टन यांनी करार वाचून दाखवून तो मुद्दा मोडून काढला. मॅकनिश नमला, पण दोघांमधला दुरावा मिटला नाही. या बंडाचे कारण केवळ मांजर होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मांजराचा त्यात काहीच वाटा नव्हता, असेही म्हणवत नाही.

१३/ आणि याच माणसाच्या हातांनी पुढे सर्वांचे प्राण राखले. 'जेम्स केअर्ड' या सुमारे सात मीटर लांबीच्या होडीच्या बाजू त्याने उंच केल्या. स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणे आणि कॅनव्हास वापरून तिच्यावर आच्छादन रचले. फटी बुजवायला दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचे रक्त वापरले. २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टन, मॅकनिश आणि आणखी चौघे एलिफंट बेटावरून तिच्यातून निघाले. जगातील अत्यंत खवळलेला समुद्र ओलांडून १० मे रोजी ते साउथ जॉर्जिया बेटाला लागले.

१४/ बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या व्हेलशिकाऱ्यांच्या वस्तीकडे जाण्यासाठी हिमाच्छादित डोंगर पार करायचे होते. शॅकल्टन आणि दोन सोबती त्या वाटेने गेले, तेव्हा मॅकनिशने होडीतले स्क्रू काढून त्यांच्या बुटांच्या तळांत बसवले, म्हणजे बर्फावर पाय घसरू नये. ज्याने आपले मांजर मारण्याचा आदेश दिला, त्याच्या पायांना त्याने अशी पकड दिली. ३० ऑगस्ट १९१६ रोजी एलिफंट बेटावर उरलेल्या २२ जणांचीही सुटका झाली.

१५/ पुढे मोहिमेतील जवळपास सर्वांना ध्रुवीय पदक मिळाले. चौघांची शिफारस शॅकल्टन यांनी केली नाही. त्या चौघांत मॅकनिश होता. तो पुढे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे राहिला. अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली. शॅकल्टनने माझे मांजर मारले, हे गाऱ्हाणे उतारवयातही त्याच्या तोंडी असे, अशी त्याला भेटलेल्यांची आठवण आहे. पदकाचे दुःख त्याने किती बोलून दाखवले ते सोडा. मांजराचे दुःख तो बोलत राहिला.

१६/ सप्टेंबर १९३० मध्ये तो वारला. करोरी दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर १९५९ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. २००४ मध्ये त्या थडग्यावर एका मांजराची कांस्यमूर्ती बसवण्यात आली. पूर्णाकृती, पाय पसरून निवांत पहुडलेली. २०११ मध्ये साउथ जॉर्जियाने मिसेस चिपीच्या चित्राचे टपाल तिकीटही काढले.

१७/ शॅकल्टन यांच्या नेतृत्वाची थोरवी सांगताना 'एन्ड्युरन्स'वरचा एकही माणूस दगावला नाही, असे सांगतात. ते खरेच आहे. (खंडाच्या दुसऱ्या बाजूस रसद पेरणाऱ्या तुकडीतील तिघे मात्र परतले नाहीत.) या हिशेबात २८ पैकी २८ वाचतात. मॅकनिशच्या हिशेबात जहाजावर २९ जण होते.

१८/ इतिहासाच्या साधनांत पाळीव प्राण्यासाठी झालेल्या शोकाला स्वतःचा रकाना नसतो. तो शिधावाटपाच्या, शिस्तभंगाच्या, नाकारलेल्या पदकाच्या नोंदींत विखुरलेला सापडतो. 'एवढ्याशा मांजरासाठी?' हा प्रश्न मॅकनिशलाही कोणीतरी विचारलाच असेल. ज्यांनी घरातले मांजर गमावले आहे, त्यांनाही तो विचारला जातो. आदेश योग्य असू शकतो आणि दुःखही तितकेच खरे असू शकते. एकाने दुसरे खोडले जात नाही. करोरीच्या त्या थडग्यावर आज लोक जातात, ते बहुधा त्या मांजराला भेटायला. त्या निमित्ताने सुताराचे नावही वाचले जाते. (समाप्त)