थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर त्रास वाढला? दोष गोळीचा, डोसचा की सकाळच्या चहाचा?

छातीत धडधड होते. रात्री झोप लागत नाही. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. काहींचं उलट असतं: गोळी सुरू करून तीन महिने झाले तरी अंग जडच, वजन तेवढंच. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांच्या या तक्रारी कोणत्याही गावात ऐकायला मिळतात. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "मी तर बंदच केली गोळी."

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशी नावं वेगळी असली तरी आत औषध एकच असतं, लिव्होथायरॉक्सिन. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे हार्मोन कमी बनवते, त्याचीच ही कारखान्यात तयार केलेली प्रत. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या ८ ठिकाणी ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइड कमी असल्याचं आढळलं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना याचा पत्ताच नव्हता.

साइड इफेक्ट की डोसचा हिशेब?

शरीरात असलेलंच हार्मोन बाहेरून दिलं जातं, त्यामुळे बहुतेक त्रास डोस कमी-जास्त झाल्याचे असतात. डोस जास्त झाला की धडधड, हात थरथरणं, घाम, जुलाब, चिडचिड, झोप उडणं. हे बरेच महिने चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या बायकांना आणि वयस्कर माणसांना हा धोका जास्त. म्हणून वृद्धांना किंवा हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. डोस कमी पडला तर मूळ आजाराचीच लक्षणं राहतात: थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा.

केसगळतीचं कोडं थोडं वेगळं आहे. ती आजारातही होते आणि उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतही. पुढे बहुतेकांची थांबते, पण तोपर्यंत धीर धरणं सोपं नसतं. वजनाबाबतही अपेक्षा फार मोठी असते. थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुतेकदा काही किलोंचंच असतं, त्यातही पाण्याचा वाटा मोठा. बारीक होण्यासाठी जादा गोळ्या घेणं तर सरळ धोक्याचं आहे.

गोळी बंद केल्यावर बरं का वाटतं?

रक्तातलं हे औषध निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडली तर पहिल्या आठवड्यात फार काही बिघडत नाही. डोस जास्त होत असेल तर धडधड कमी होऊन बरंही वाटतं. मग "गोळीच वाईट होती" अशी खात्री पटते. थकवा आणि सूज हळूहळू परततात, तेव्हा त्याचा संबंध सोडलेल्या गोळीशी कुणी लावत नाही. डोस बदलल्यावर टीएसएच तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करायला सांगतात, तीही याच कारणाने.

गरोदर बाईने मात्र एक आठवडाही असा प्रयोग करू नये. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर चालते. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण बहुतेक वेळा डोस २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो.

पन्हाळ्याचा पाऊस आणि कोल्हापूरचं दूध

डोस बरोबर असूनही गोळी लागू पडत नाही, याचं कारण अनेकदा घरातच सापडतं. गोळी पाण्यासोबत उपाशीपोटी घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानंतर. वारणा आणि गोकुळच्या जिल्ह्यात हा नियम पाळणं जड जातं. पहाटे धार काढायची, लगेच दुधाचा चहा, त्या चहाच्या घोटासोबतच गोळी! दुधातलं कॅल्शियम आणि खुद्द चहा-कॉफी औषध शोषायला अडथळा आणतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर ४ तास लांब ठेवायच्या. अॅसिडिटीच्या औषधांचंही डॉक्टरांना आधी सांगावं. सकाळ जमतच नसेल तर रात्री, जेवणानंतर किमान ३ तासांनी गोळी घेता येते. वेळ मात्र रोज तीच हवी.

दुसरं कारण ओलावा. पावसाळ्यात पन्हाळगड धुक्यात बुडतो, घरात कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं. लिव्होथायरॉक्सिन ओल, उष्णता आणि उजेड या तिन्हींनी खराब होतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं, गोळ्या उघड्या डबीत काढल्या किंवा बाटली चुलीजवळच्या फळीवर राहिली, तर छापलेल्या मात्रेपेक्षा कमी औषध पोटात जाऊ शकतं. कपाटात, घट्ट झाकणाच्या मूळ बाटलीत ती नीट राहते.

रुग्ण खरंच बोलत होते का?

याचे दोन मोठे दाखले परदेशातले आहेत. न्यूझीलंडमध्ये २००७ मध्ये एल्ट्रॉक्सिनची गोळी बदलली. औषध तेच, पण रंग आणि त्यात मिसळायचे इतर घटक वेगळे. आधीच्या ३० वर्षांत अवघ्या १४ तक्रारी आल्या होत्या, पुढच्या दीड वर्षात जवळपास १,४०० आल्या. मूळ औषधात फरक सापडला नाही आणि बातम्या जसजशा पसरल्या तसतशा तक्रारी वाढल्याचं संशोधकांना दिसलं. त्रास होणार ही भीतीच कधी कधी त्रास देते.

पण "मनाचे खेळ" म्हणून विषय संपत नाही. फ्रान्समध्ये २०१७ मध्ये मर्क कंपनीने लेव्होथायरॉक्स गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अॅसिड घातलं. सुमारे ३० लाख लोक ही गोळी घेत होते. हजारोंनी थकवा, चक्कर, केसगळतीच्या तक्रारी केल्या. शेवटी जुनी गोळी काही काळ परत आणावी लागली. बदलाची माहिती रुग्णांना नीट दिली नाही म्हणून २०२० मध्ये लिऑनच्या न्यायालयाने ३,३०० हून अधिक तक्रारदारांना प्रत्येकी १,००० युरो द्यायला लावले. गोळी बदलल्याचं आधी सांगितलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता, असं म्हणायला जागा आहे.

आपल्याकडे हा बदल मेडिकलच्या काउंटरवर रोज होतो. "ती कंपनी नाही, ही घ्या, सेमच आहे." मात्रा तीच असली तरी शोषणात थोडा फरक पडू शकतो, म्हणून शक्यतो एकच ब्रँड ठेवावा. बदलावाच लागला तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासावं. लेबलही वाचावं. २०२३ मध्ये थायरोनॉर्मची एक बॅच कंपनीने परत मागवली होती, कारण ८८ मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांच्या बाटलीवर २५ चं लेबल लागलं होतं.

छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधड थांबेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. इतर त्रासासाठी गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. केंद्र सरकारच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. तिथे ब्रँड, मात्रा आणि बॅच नंबर विचारतात, त्यामुळे रिकामी बाटली लगेच फेकू नये.