काओरचे काळे मद्य

पेयापेयाचा विवेक ज्याचा त्याने करावा. आजच्या व्याख्यानाचा तो विषय नव्हे. विषय आहे तो फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील काओर या लहानशा शहराचा आणि तेथील द्राक्षमद्याचा. माल उत्तम असला की त्याची कीर्ती आपोआप होते, असे आपण समजतो. काओरचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

लॉत नदी या शहराला तीन बाजूंनी वेढून वळणे घेत पश्चिमेकडे जाते. नदीकाठच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनीत आणि वरच्या चुनखडीच्या पठारावर द्राक्षवेली आहेत. मुख्य जात माल्बेक. तिला कोत असेही म्हणतात. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकाच असतो. रंग आणि तुरटपणा राहतो तो सालीत. माल्बेकच्या सालीत दोन्ही विपुल. सालीबियांसह रस आंबविला म्हणजे ते गुण त्यात उतरतात आणि मद्य इतके गडद होते की लोकांनी त्याला ‘काळे मद्य’ असेच नाव दिले. कोवळेपणी ते जिभेला जड व तुरट लागते. काही वर्षे मुरले की निवळते. चौदाव्या शतकात पोप झालेला बाविसावा जॉन हा काओरचाच सुपुत्र.

असा भरदार माल मागे का पडला? उत्तर नकाशात आहे. लॉत गारोन नदीला मिळते आणि गारोन बोर्दो शहरावरून समुद्राकडे जाते. ११५२ साली आक्वितेनची स्वामिनी एलेनॉर हिने हेन्रीशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला. पुढे १४५३ पर्यंत बोर्दो इंग्रजी सत्तेशी बांधलेले राहिले आणि इंग्लंडची मोठी पेठ त्याच्या हाती आली. तेराव्या शतकात बोर्दोकरांनी राजाकडून सवलती मिळविल्या. वरच्या मुलखातील मद्य ठरावीक दिवसापर्यंत बंदरात विकावयास आणता येईना. हा दिवस आधी ११ नोव्हेंबरचा सेंट मार्टिनचा सण होता, पुढे तो नाताळपर्यंत ढकलला गेला. नव्या मद्याची गलबते शरद ऋतूतच भरून निघत. काओरचा माल येईतो गिऱ्हाईक निघून गेलेले असे.

इंग्रज गेले, फ्रेंच राजे आले, सवलती राहिल्या. अखेर १७७६ साली तुर्गो या मंत्र्याने मद्याच्या व्यापाराला मोकळीक देणारा हुकूम काढला. गंमत अशी की, याच काळ्या मद्याची भर घालून बोर्दोचे व्यापारी आपले फिके मद्य सुधारून घेत. गुण काओरचा, नाव दुसऱ्याचे!

मोकळीक मिळाली, पण शंभर वर्षांतच फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने बागा उजाड केल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा बागाईतदार डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम करतो, तोही खुंट मूळचा अमेरिकेचाच. काओरच्या बागा मात्र पूर्वीच्या विस्ताराला पुन्हा पोचल्या नाहीत. १९४७ साली पार्नाक येथे शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली. तोच फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने वेली जाळल्या. लोकांनी पुन्हा लागवड केली, आणि १९७१ साली ‘काओर’ या नावाला सरकारी संरक्षण मिळाले. त्या नावाच्या मद्यात निदान सत्तर टक्के माल्बेक असावे, असा नियम आहे.

दरम्यान १८५३ च्या सुमारास मिशेल पुझे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ही वेल आर्जेन्टिनात मेंदोसा येथे नेली होती. तेथे ती इतकी फोफावली की आज माल्बेक म्हटले म्हणजे जगाला आर्जेन्टिनाच आठवते.

तेव्हा एखाद्या मुलुखाच्या मालाची थोरवी मोजताना त्याची माती आणि हवा तर पाहावीच. पण तो माल कोणत्या वाटेने बाजारात जातो आणि त्या वाटेवरचा नाका कोणाच्या हाती आहे, हेही विचारावे. काओरच्या शेतकऱ्याला आपल्या मालावर आपले नाव टिकविण्यासाठी सातशे वर्षे झगडावे लागले, ते मातीत उणे होते म्हणून नव्हे.