तारेतला अंधार

सोलापूर-पुणे महामार्ग, जुना क्रमांक ९ आणि आताचा ६५, दुपदरी होता तेव्हा रात्री समोरच्या गाडीचा झोत थेट डोळ्यांवर येई. युरोपात १९७१ साली आलेल्या एच-फोर हॅलोजनने एकाच बल्बात अप्पर आणि डिपर दिले. वॅट अनुक्रमे ६० आणि ५५. तेवढ्याने भागेना, म्हणून ९०-१०० वॅटचे बल्ब बसू लागले. दोष मात्र बहुतेकदा तारेत असे. बारीक तार आणि स्विच यांत दहा टक्के व्होल्टेज गळाले, तर सुमारे तीस टक्के उजेड जातो. नुसते वॅट वाढवले, की तार तापते, स्विच जळतो, समोरचा दिपतो. जाणत्या इलेक्ट्रिशियनने रिले बसवून बॅटरीपासून जाड तार ओढली, की मूळ बल्बच रस्ता दाखवी आणि समोरून येणाऱ्यालाही तो दिसत राही.