‘कर’ लावलं म्हणून जात सुटते का?

नारायणगावात आम्ही भाड्याने खोली बघायला गेलो की पहिला प्रश्न आडनावाचा. जाधव, मोरे, गायकवाड म्हटलं तर मालकाचं भागत नाही, ही आडनावं मराठ्यांत आहेत आणि आमच्यातही. मग दुसरा प्रश्न, “म्हणजे नेमके कुठले?” ‘गावाचं नाव लावा, जात दिसणार नाही’ असा सल्ला कार्यकर्तेही देतात. या सल्ल्याचा इतिहास तपासला पाहिजे.

विठाबाईंचं घराणं मूळचं खुडे. गावाने त्यांना नारायणगावकर केलं. पण फडाचं नाव काय होतं? ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’. गाव जोडलं गेलं आणि जातही पाटीवर राहिली.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं पाहा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. ऐकून कोण ज्यू म्हणेल? तरी गावाने त्यांना तेल्यांच्या रांगेत बसवलंच. आणि त्यांनीही आपल्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायली असा भेद पाळला, रोटीबेटीसकट. (जातीची लागण कुणालाच चुकली नाही.)

जर्मन भाषेत आपल्या ‘कर’चं काम ‘अर’ करतो. ओपेनहाइम गावचा तो ओपेनहाइमर, फ्रँकफुर्टचा फ्रँकफुर्टर. बहुतेक ज्यू पूर्वी स्वतःच्या नावापुढे बापाचं नाव लावत. १७८७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने त्यांना कायमचं जर्मन आडनाव घेण्याची सक्ती केली. १८१२ साली प्रशियाने नागरिकत्व दिलं, पण ठरलेलं आडनाव घ्या या अटीवर. लोकांनी अट पाळली, शेजाऱ्यांसारखी आडनावं लावली. पुढे नाझींना नेमकं तेच खुपलं. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने, ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांत नव्हतं त्या पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावावं लागलं.

बाबासाहेबांच्या आडनावाबद्दल गुरुजींची गोष्ट रंगवून सांगतात. पण सकपाळांचं मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे, आणि आंबेडकर या नावाचं मूळ त्या गावात आहे, हे सांगायला कुणाला सवड नसते. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत हेच आडनाव नोंदलं गेलं. तरी पाण्याचा हंडा त्यांच्यासाठी लांबच राहिला.

खोलीच्या मालकाने आम्हाला तिसरा प्रश्नही विचारला होता: “भिंतीवर फोटो कुणाचा लावणार?”