दूरशिक्षण प्रवेश व रहिवास (बेळगाव-निपाणी सीमाभाग)
दूरशिक्षणात रहिवासाचा प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रामुळे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला (१९८५) देशभर मुभा आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (१९८९) कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते. साहजिकच कर्नाटकातल्या निपाणीच्या मराठी विद्यार्थ्याला नाशिकची पदवी हवी, तर अभ्यासकेंद्रासाठी हद्द ओलांडून कोल्हापूरची वाट धरावी लागते. अंतर मिटवायला निघालेल्या शिक्षणात हद्द तेवढी उरली, हे विचित्रच. ऑनलाइन पदव्यांना मात्र ही हद्द लागू नाही. दूरशिक्षणाबाहेर, अभियांत्रिकीच्या नियमित प्रवेशात, महाराष्ट्र कर्नाटकातील वादग्रस्त ८६५ सीमागावांतील मराठी भाषकांना सवलत देतो. दूरशिक्षणात कार्यक्षेत्राची हद्द मोडणे महागात पडते: म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने राज्याबाहेर केंद्रे चालवली. त्यामुळे २०१२-१३ नंतर तुटलेली विद्यापीठाची मान्यता २०१८ मध्ये परत मिळाली.